'खूप'ची खोगीरभरती

इंग्रजी शिकू लागलेल्या मराठी मुलाला जे अगदी पहिले शब्द भेटतात, त्यांत 'व्हेरी' हा एक असतो. आणि त्यानंतर जन्मभर या शब्दासाठी कोश उघडण्याची वेळ त्याच्यावर बहुधा येत नाही. 'व्हेरी' म्हणजे 'खूप', हे समीकरण एकदा मनात बसले की बसले. पुढे तोच मुलगा साहित्याचा विद्यार्थी होतो, अनुवाद करू लागतो, कदाचित अनुवाद शिकवूही लागतो. 'मेलन्कली', 'आयरनी', 'सब्लाइम' अशा भारदस्त शब्दांपाशी तो थबकतो, चार कोश चाळतो, जाणत्यांना विचारतो. 'व्हेरी'पाशी मात्र तो थबकत नाही. लेखणी आपोआप 'खूप' लिहून मोकळी होते. परिणाम असा, की अलीकडे आमच्या वाचनात आलेल्या पुष्कळशा अनुवादित गद्यात घर खूप जुने असते, म्हातारी खूप दुःखी असते, रात्र खूप काळी असते, नायक खूप एकटा असतो आणि त्याची खोली खूप रिकामी असते.

या लेखात आम्हांला एवढेच म्हणायचे आहे, की 'व्हेरी'साठी मराठीत जे चार-सहा शब्द सर्रास समानार्थी म्हणून सांगितले जातात ते समानार्थी नाहीत. त्यांच्यातला फरक नुसता कमी-अधिक मात्रेचा असता, तर तो फारसा महत्त्वाचा ठरला नसता. तो फरक बोलणाऱ्याच्या निवाड्याचा आहे. इंग्रजी 'व्हेरी' गुणाची मात्रा वाढवतो आणि गप्प बसतो. मराठी शब्द मात्रा वाढवता वाढवता त्या वाढीविषयी बोलणाऱ्याला काय वाटते, तेही सांगून टाकतो. म्हणून 'व्हेरी'चे मराठी करणे हा वाङ्मयीन निर्णय आहे; आणि तो न घेता पुढे जाणे म्हणजे मूळ लेखनातील माणसाचा आवाज पुसून टाकणे होय.

प्रथम 'व्हेरी'कडेच पाहू. हा शब्द लॅटिनमधील 'वेरुस' म्हणजे 'खरा' या शब्दाच्या कुळातला. जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला तो विशेषण म्हणून. चौदाव्या शतकात, चॉसरच्या इंग्रजीत, त्याचा मुख्य अर्थ 'खरा, अस्सल' असाच आहे. त्याआधी तीव्रता दाखवण्याचे काम 'स्वीथे' हा शब्द करी. त्याच्या मुळाशी 'बळ' होते. मग 'फुल', 'वेल', 'राइट' यांनी ते काम पाळीपाळीने केले. 'व्हेरी' या गादीवर बसला आणि बसता बसता त्याने आपला 'खरेपणा' गमावला. आज 'व्हेरी गुड' म्हणणाऱ्याच्या मनात सत्याचा विचारही नसतो. जो शब्द सारखा जोर लावतो त्याचा जोर एक दिवस संपतो, हा या शब्दांचा भाषेतला सामान्य नियम आहे. 'ऑफुली' आणि 'टेरिबली' यांच्यातली भीती अशीच झडून गेली. मराठीत 'भयंकर आवडले' म्हणणारा माणूस भ्यालेला नसतो, आणि 'जबरदस्त' म्हणताना वर उचललेला हात कोणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. फारसीत मात्र 'जबर' म्हणजे वर आणि 'दस्त' म्हणजे हात.

असा झिजून गुळगुळीत झालेला 'व्हेरी' इंग्रजीत कोणत्याही विशेषणाआधी बसू शकतो, कारण त्याला स्वतःचे मत उरलेले नाही. इंग्रजी गद्याचे शिक्षक त्याच्यावर रागावतात ते याचमुळे. विल्यम स्ट्रंक यांच्या लेखनशैलीवरील छोट्या पुस्तकाची ई. बी. व्हाइट यांनी सुधारलेली आवृत्ती 1959 साली निघाली. तीत 'व्हेरी' आणि त्याच्या भावंडांना जळवांची उपमा दिलेली आहे. हा सल्ला इंग्रजीपुरता ठीक आहे. पण तो ऐकून मराठीतही 'फार', 'खूप' दिसताक्षणी खोडणारे काही मास्तर आम्हांला ठाऊक आहेत, आणि ती चूक 'खूप'च्या खोगीरभरतीइतकीच मोठी आहे. मराठीतले हे शब्द अजून रक्ताने भरलेले आहेत. ते कसे, ते पाहू.

'फार' आणि 'खूप' यांची जोडी आधी घेऊ. 'काल लग्नात खूप जेवलो' आणि 'काल लग्नात फार जेवलो' ही दोन वाक्ये कोणत्याही मराठी घरात मोठ्याने म्हणून पाहावीत. पहिल्या वाक्यानंतर ऐकणारा पंगतीच्या वर्णनाची वाट पाहतो. दुसऱ्यानंतर तो ओव्याची बरणी शोधू लागतो. पोटात गेलेले अन्न दोन्ही वाक्यांत सारखेच आहे. 'चहा खूप गोड आहे' ही माहिती आहे, 'चहा फार गोड झाला आहे' ही तक्रार आहे. नातवाविषयी 'खूप शहाणा आहे हो' म्हणणारी आजी कौतुक करते. 'फार शहाणा आहेस' असे त्यालाच तोंडावर म्हणाली, तर तो कौतुक समजून बसत नाही. 'खूप दिवसांनी भेटलो' यात आनंद आहे; 'फार दिवसांनी उगवलास' यात गाऱ्हाणे आहे.

हा फरक शब्दांच्या कुळाशीही जुळतो. 'फार' हा संस्कृत 'स्फार' म्हणजे विस्तीर्ण, विपुल या शब्दापासून आलेला आहे. 'खूप' हा फारसी 'खूब'चा मराठी अवतार. आणि 'खूब' म्हणजे चांगला. व्युत्पत्तीवरून आजचा अर्थ सिद्ध होत नाही, हे आम्ही जाणतो. तरीही 'खूप'च्या अंगात आजही एक समृद्धी, एक भरलेपण आहे, असे आमच्या कानाला वाटते. उलट 'फार' बोलणाऱ्याच्या मनात एक काठ गृहीत धरतो आणि गुण त्या काठाला लागला, किंवा काठावरून सांडला, असे सांगतो. 'फार तर काय होईल?' या वाक्यात तो काठ उघडच दिसतो. तिथे 'खूप तर' म्हणता येत नाही.

यावर कोणी म्हणेल, की मैफल संपल्यावर जुने रसिक 'फार सुंदर' म्हणतात, तिथे तक्रार कुठे आहे? तिथे तक्रार नाही, पण काठ आहेच. 'फार सुंदर' म्हणणारा सांगत असतो, की माझ्या अपेक्षेचे भांडे भरून वाहिले. गुण हवासा असेल तर हे वाहणे कृतज्ञता होते, नकोसा असेल तर गाऱ्हाणे होते. 'खूप सुंदर'मध्ये सौंदर्य पुष्कळ आहे, पण ऐकणाऱ्याचे भांडे कुठे दिसत नाही. म्हणूनच आमच्या मते 'फार' हा 'व्हेरी'चा सर्वांत जवळचा आणि सर्वांत धोक्याचा प्रतिशब्द आहे. इंग्रजीत 'व्हेरी' आणि 'टू' यांची कामे वाटून दिलेली आहेत. 'टू' आला की मर्यादा ओलांडली गेली. मराठी 'फार' ही दोन्ही कामे करतो. अनुवादकाने 'व्हेरी हॉट' आणि 'टू हॉट' या दोहोंसाठी 'फार गरम' लिहिले, तर मूळ लेखकाने राखलेला भेद बुडाला. अशा वेळी 'टू'साठी मराठीने दिलेला राजमार्ग वेगळा आहे: 'तोंडाला लावता येईना इतका गरम', 'तिला उचलवेना इतकी जड पेटी'. मराठी मर्यादा नुसती सांगत नाही, ती कोणाला आणि कशात नडली ते दाखवते.

'अतिशय' आणि 'अत्यंत' हे संस्कृतातून आलेले जोडीदार. त्यांना पाठ्यपुस्तके एकाच दावणीला बांधतात. पण त्यांच्यातही भेद आहे. 'अतिशय' हा त्यातल्या त्यात तटस्थ शब्द. संस्कृतात तो मुळात नाम आहे, आधिक्य या अर्थाचा. 'अतिशयोक्ती'त तो तसाच शिल्लक आहे. मराठी लेखी गद्यात 'अतिशय' कोणत्याही बऱ्यावाईट गुणाआधी बसतो आणि बोलणाऱ्याचा चेहरा फारसा दाखवत नाही. समीक्षकाचा, इतिहासकाराचा, कादंबरीतील संयत निवेदकाचा 'व्हेरी' मराठीत बहुतेक वेळा 'अतिशय' होईल. 'अत्यंत' मात्र उभा राहून बोलतो. अंताच्या पलीकडचे, हा त्याचा मूळ अर्थ. न्यायशास्त्रात 'अत्यंताभाव' म्हणजे तिन्ही काळी नसणे. तिथे हा शब्द तोलूनमापून वापरलेला आहे. आजच्या मराठीत त्याचे ठिकाण ठराव, निवेदन, शोकसंदेश आणि अग्रलेख. 'कळविण्यास अत्यंत दुःख होते' हे वाक्य छापील कागदाचे आहे. म्हणून स्वयंपाकघरातील प्रसंगात 'आई अत्यंत दमली होती' असे वाचले, की त्या आईच्या आणि लेकराच्या मध्ये एक टेबल येऊन पडल्यासारखे वाटते. 'आई फार दमली होती' म्हणताच ते टेबल दूर होते, कारण 'फार'मध्ये बघणाऱ्याचा जीव गुंतलेला आहे.

'नितांत' हा तर आपल्या सोबत्यांची निवड करणारा शब्द. नितांत सुंदर, नितांत श्रद्धा, नितांत गरज हे प्रयोग रुळलेले आहेत. 'नितांत कुरूप' लिहून पाहिले, तर शब्दच अंग चोरतो. 'भलता' किंवा 'भलताच' याच्यात आश्चर्य आणि किंचित नापसंती यांचे मिश्रण आहे: 'भलताच महाग'. 'चांगलाच' यात कधी समाधान आहे, कधी खोडसाळपणा: 'चांगलाच भिजला', 'चांगलीच जिरली'. जुन्या गद्यात आणि वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात 'मोठा' हे विशेषणच हे काम करी: 'मोठा गोड मुलगा', 'मोठी मानी बाई'. हा प्रयोग आता मावळत चालला आहे, पण एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी कादंबरीचा अनुवाद करणाऱ्याच्या तो हाताशी असावा. त्या 'मोठा'मध्ये जो शिष्ट जिव्हाळा आहे, तो 'खूप'मध्ये आणता येत नाही.

नकाराचा प्रसंग आला म्हणजे तर हा प्रश्न आवडीनिवडीचा राहत नाही, व्याकरणाचा होतो. 'नॉट व्हेरी' याला मराठीत घडवलेला, लिंगवचनानुसार चालणारा शब्द तयार आहे: फारसा, फारशी, फारसे. 'तो फारसा उंच नाही', 'तिला फारशी भूक नव्हती', 'पुस्तक फारसे चांगले नाही'. त्याऐवजी आज 'तो खूप उंच नाही', 'पुस्तक खूप चांगले नाही' असे लिहिलेले दिसते. या वाक्यांचा अर्थ लागतो, पण तो दुसराच लागतो: पुस्तक चांगले आहे, केवळ खूप चांगले नाही. इंग्रज समीक्षक एखाद्या पुस्तकाला 'नॉट व्हेरी गुड' म्हणतो तेव्हा बहुधा त्याला ते वाईट म्हणायचे असते, आणि सभ्यतेने तो अर्ध्यावर थांबतो. हा अर्ध्यावरचा थांबा 'फारसे'ने नेमका पकडला आहे. हाती असलेले इतके नेटके साधन टाकून देण्याला आम्ही भाषेचा विकास म्हणू शकत नाही.

'व्हेरी'चा जुना 'खरेपणा' जिथे अजून शिल्लक आहे तिथेही हीच घाई नडते. 'द व्हेरी मॅन', 'दॅट व्हेरी डे' या प्रयोगांत तीव्रतेचा संबंधच नाही. तिथे बोट ठेवून दाखवण्याची क्रिया आहे. मराठीत ती 'नेमका', 'अगदी' आणि 'च' यांनी होते: नेमका तोच माणूस, अगदी त्याच दिवशी. 'अगदी' हा शब्द विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण ज्या गुणांना पायऱ्या नाहीत त्यांच्याशी त्याची मैत्री आहे. खोली अगदी रिकामी असते, पाटी अगदी कोरी असते, उत्तर अगदी बरोबर असते. रिकामेपणाला 'खूप' लावणारा लेखक रिकामेपणा मोजायला निघालेला असतो.

आता मराठीच्या ज्या दालनाकडे अनुवादकांचे सर्वांत कमी लक्ष जाते तिकडे वळू. अनेक विशेषणांच्या बाबतीत मराठीने तीव्रतेचा शब्द त्या विशेषणालाच जोडून दिलेला आहे. इंग्रजीत 'व्हेरी रेड' म्हणून भागते. मराठीत ओठ किंवा पोपटाची चोच लालचुटुक असते, रागाने चेहरा लालबुंद होतो, आणि डोळ्यांना खुपणारी साडी लालभडक असते. केस आणि डोळे काळेभोर, धूर आणि अंधार काळाकुट्ट, कातळ काळाकभिन्न, तुकतुकीत कांती काळीकुळकुळीत. धुतलेले धोतर पांढरेशुभ्र असते आणि भ्यालेल्या माणसाचा चेहरा पांढराफटक पडतो. शेत हिरवेगार, पण चुडा हिरवाकंच. पाणी थंडगार, कारले कडूजहर, अंग ओलेचिंब, वाट सरळसोट, वही नवीकोरी. 'पिवळाजर्द' या शब्दात तर दोन भाषांनी एकाच रंगाची साक्ष दिली आहे, कारण फारसीत 'जर्द' म्हणजेच पिवळा.

या जोडशब्दांतही पुन्हा निवाडाच आहे. एखाद्या स्त्रीचे केस काळेभोर आहेत म्हणणारा त्या केसांकडे प्रेमाने पाहतो. काळेकुट्ट म्हणणारा पाहत नाही. इंग्रजी पानावर फक्त 'व्हेरी ब्लॅक' असेल, तेव्हा अनुवादकाला विचारावे लागते, की हे कोण पाहत आहे, आणि कोणत्या मनाने पाहत आहे. उत्तर मिळवण्यासाठी त्याला मागची दहा पाने पुन्हा वाचावी लागतील. आमच्या मते हेच वाचन होय. 'खूप काळे' लिहून तो या वाचनातून स्वतःची सुटका करून घेतो.

याचे एक वाङ्मयीन उदाहरण देतो. जेन ऑस्टिनची 'नॉर्थँगर अ‍ॅबी' ही कादंबरी 1817च्या अखेरीस, लेखिकेच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली. तिच्यात तीव्रतादर्शक शब्द हे पात्रांच्या ओळखीचे चिन्ह आहेत. इझाबेला थॉर्प ही उथळ मैत्रीण बोलते ती सतत ताणलेल्या विशेषणांत. 'अमेझिंगली' हा तिचा लाडका शब्द. भोळी नायिका कॅथरीन तिच्या सहवासात तो उचलते. पुढे बाथजवळच्या टेकडीवर फिरायला गेली असताना ती हेन्री टिल्नीला सांगते, की तरुण पुरुष कादंबऱ्यांचा तिरस्कार करतात अशी तिची समजूत होती. आणि या तिरस्काराला ती तोच 'अमेझिंगली' जोडते. हेन्री तिचाच शब्द पकडतो, त्यातले विसरलेले 'आश्चर्य' जागे करतो आणि म्हणतो, की तसे असेल तर आश्चर्य वाटायलाच हवे, कारण पुरुषही जवळजवळ स्त्रियांइतक्याच कादंबऱ्या वाचतात. सगळी गंमत झिजलेल्या शब्दाला क्षणभर मूळ अर्थ परत देण्यात आहे.

मराठीत इथे 'खूप तिरस्कार करतात' असे लिहिले, की हेन्रीच्या हाती काहीच उरत नाही. 'अतिशय', 'अत्यंत' यांनीही काम होत नाही. 'भयंकर' लिहिले तर खेळ शक्य होतो, पण आश्चर्याऐवजी भीती येते. आमची सूचना 'कमालीचा' या शब्दाची आहे. कॅथरीन म्हणेल, 'तरुण मंडळी कादंबऱ्यांचा कमालीचा तिरस्कार करतात असे मला वाटे'; आणि हेन्री उत्तरेल, की तसे करत असतील तर कमालच म्हणायची. 'कमालीचा' हा झिजलेला शब्द आहे, 'कमाल आहे!' हा जिवंत उद्गार आहे, आणि दोघांचे मूळ एकच आहे. ऑस्टिनने इंग्रजीत साधलेली गोष्ट मराठीत तितक्याच सहजपणे साधता येते. अट इतकीच, की अनुवादकाने या शब्दापाशी थांबले पाहिजे.

आमच्या म्हणण्यावर एक आक्षेप गंभीर आहे. कोणी म्हणेल, की तुम्ही साध्या गद्याला दागिने चढवू पाहता. सगळेच 'व्हेरी' लालबुंद आणि काळेकुट्ट झाले, तर हेमिंग्वेसारख्या, साध्या शब्दांची पुनरुक्ती जाणूनबुजून करणाऱ्या लेखकाचे काय? आक्षेप रास्त आहे. ज्या लेखकाने एकच रंगहीन शब्द मुद्दाम पुनःपुन्हा वापरला आहे, त्याच्या अनुवादात प्रत्येक ठिकाणी नवा प्रतिशब्द शोधणे हा अपराधच ठरेल. तिथे एकच शब्द निवडावा आणि तो निष्ठेने पुनःपुन्हा वापरावा. परंतु तो कोणता, हा प्रश्न तिथेही सुटत नाही. थकलेल्या, कमी बोलणाऱ्या माणसाच्या तोंडी 'फार' येईल की 'खूप', हे ठरवावेच लागते. आणि 'फार दमलो', 'फार उशीर झाला', 'फार लांब आलो' अशी माळ 'खूप'च्या माळेपेक्षा वेगळी वाजते. साधेपणा ही लेखकाने केलेली निवड असते. निवडच न करणे आणि साधेपणा यांची गल्लत होऊ नये.

ही गल्लत शेवटी कुठे नेते ते जॉर्ज ऑर्वेलने दाखवून ठेवले आहे. '1984' ही त्याची कादंबरी 1949 साली आली. तिच्या शेवटी जोडलेल्या परिशिष्टात 'न्यूस्पीक' या राज्यकर्त्यांनी घडवलेल्या भाषेचे व्याकरण दिले आहे. तीत कोणत्याही शब्दाचा जोर वाढवायचा तर आधी 'प्लस' जोडायचे, आणखी वाढवायचा तर 'डबलप्लस'. त्या भाषेचा हेतू विचाराचा परीघ आवळणे हा आहे. 'खूप छान', 'खूप खूप छान' एवढ्यावर भागवणाऱ्या मराठीवर कोणी हुकूमशहा बसलेला नाही, हे खरे. पण मात्रा वाढवण्याची एकच खूणगाठ उरली, की निवाडा करण्याची सवय कमी होते. त्यासाठी हुकूमशहाच लागतो असे नाही. हिंदी 'बहुत सारे'च्या वळणावर आलेले 'खूप सारे प्रेम', 'खूप साऱ्या शुभेच्छा' हे प्रयोग त्याच वाटेवरचे. 'पुष्कळ', 'बरेच', 'अनेक', 'भरपूर', 'रग्गड' हे संख्येचे आणि परिमाणाचे निरनिराळे अंदाज त्यांत एकाच पोत्यात भरले जातात.

बोलींचा प्रश्न याहून अवघड आहे, आणि त्यावर एकच उत्तर देणे आम्हांला शक्य वाटत नाही. मार्क ट्वेनचा हकलबरी फिन 'व्हेरी'च्या जागी पुष्कळदा 'माइटी' म्हणतो. त्याच्या तोंडी 'लई' घातला तर जोर आणि बेफिकिरी दोन्ही येतात, पण मिसिसिपीच्या काठी कृष्णेचे पाणी वाहू लागते. 'खूप' घातला तर हक शाळेत बसलेला दिसतो, आणि शाळेचा तर त्याला कंटाळा. आमचा कल असा, की ज्या पात्राची सगळी भाषा एखाद्या मराठी बोलीत आणण्याची तयारी असेल त्याच्याच तोंडी 'लई' द्यावा. प्रमाण मराठीच्या वाक्यात मीठ टाकल्यासारखा एकटा 'लई' टाकू नये. तसे केले, की ती बोली विनोदाचे साधन बनते, आणि बोलीवर हा अन्याय मराठी रंगभूमीने आणि चित्रपटाने पुरेसा केलेला आहे. पण 'लई'ला नागर लेखनातून बाहेर ठेवणेही आता शक्य नाही. 2014 साली 'लई भारी' या नावाचा चित्रपट आला तेव्हा ते नाव कुठल्याही जिल्ह्यात समजावून सांगावे लागले नाही.

वर्गात याचे काय करावे? 'समानार्थी शब्द लिहा' या प्रश्नाखाली फार, खूप, अतिशय, अत्यंत अशी ओळ पाठ करून घेणे थांबवावे, ही आमची पहिली सूचना. त्याऐवजी एकच इंग्रजी वाक्य द्यावे आणि ते पाच तोंडांतून वदवून घ्यावे: रुसलेल्या बहिणीच्या, न्यायाधीशाच्या, आजीच्या, जाहिरात लिहिणाऱ्याच्या, आणि ज्याला काही बोलायचेच नाही अशा माणसाच्या. शेवटच्या तोंडून बहुधा तीव्रतेचा शब्दच गळून पडेल, आणि वाक्य अधिक जड होईल. दुसरी सूचना अनुवाद करणाऱ्यांना. 'व्हेरी' समोर आला की तीन प्रश्न विचारावेत. हे कोण बोलत आहे? त्याच्या मनातला काठ ओलांडला गेला आहे काय, आणि ते त्याला आवडले आहे काय? आणि ज्या वस्तूचा गुण सांगायचा आहे, तिच्यासाठी मराठीने आधीच एखादा शब्द घडवून ठेवला आहे काय? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे घेऊनही शेवटी लेखणीतून 'खूप'च उतरला, तर तो आनंदाने लिहावा.

कारण आमचे भांडण 'खूप'शी नाही. 'तुझी खूप आठवण येते' या वाक्यात दुसरा कोणताही शब्द आम्हांला चालणार नाही. 'अतिशय आठवण' अर्जातली वाटेल, 'अत्यंत आठवण' तर मराठीच वाटणार नाही, आणि 'फार आठवण'मध्ये थोडी तक्रार मिसळेल. त्या ठिकाणी 'खूप'चे जे भरलेपण आहे तेच हवे. ते तिथे टिकावे म्हणूनच तो रिकाम्या खोलीला, काळ्या रात्रीला आणि न आवडलेल्या पुस्तकाला लावू नये, असे आम्ही म्हणतो.